वॉर्निंग म्हणजे एररच, असं म्हणणाऱ्या शीलाताईंना

शीलाताई,

तुमच्या जलदानविधीला आम्ही ऑफिसचे सगळे धाराशिवहून तुमच्या गावी वाशीला आलो होतो. वंदना झाली, पंगत बसली, आणि तुमचे मिलिंददादा माझ्या शेजारी येऊन टेकले. हळूच म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? आमची ताई तुमच्याकडं नेमकं काय काम करायची?"

"टेस्टिंग," मी म्हणाले.

"रक्ताचं?"

सहा वर्षं, ताई. सहा वर्षं तुम्ही धाराशिवला आमच्याबरोबर बसून कोड लिहिलात आणि सख्ख्या भावाला वाटतंय की तुम्ही कुठल्या तरी लॅबमध्ये सुया टोचत होतात. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हणाले, आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, बाळांच्या लसीच्या तारखा त्यातून आयांना मेसेजनं जातात. आणि ते बरोबर चालतंय का हे तपासणारे छोटे छोटे प्रोग्राम ताई लिहायच्या. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे चुका काढायची."

"व्हय."

"ते तिला न्हानपणापासनंच येतंय."

तिथं सगळे रडत होते आणि मला हसू आलं. त्याचाही दोष तुमच्याकडंच.

मी आज लिहायला बसले ते चिडून. तुमच्यावर चिडायची मला इतकी सवय झालीय की तुम्ही नसताना तो राग कुठं ठेवावा कळत नाही. ऑफिसात आपल्या साहेबांवर, जाधव सरांवर चिडून उपयोग नाही, ते 'हो हो' म्हणतात. नवऱ्यावर चिडले तर त्याला विषयच कळत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

तुम्ही आमच्याकडं आलात तेव्हाही भांडायलाच आला होतात. खताच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्या, भर दुपार, आणि दारात पिशवी घेऊन उभी एक नर्सबाई. वाशीच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात तुम्ही वीस वर्षं काढलेली. पिशवीतून रजिस्टर काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलंत आणि म्हणालात, "तुमच्या कॉम्प्युटरला एकतीस तारीख पचत न्हाय." खरंच पचत नव्हती. एकतीसला जन्मलेल्या बाळाची पुढची तारीख आमचं सॉफ्टवेअर चुकवत होतं. मी इंजिनियर, पुण्याला चार वर्षं काम करून आलेली. मला ते दिसलं नव्हतं. तुम्ही हातानं लिहिलेल्या रजिस्टरवरून पकडलंत. जाधव सरांनी तुम्हाला त्याच महिन्यात नोकरी दिली आणि शिकवायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तुम्ही प्रोग्रामिंग शिकलात, हे लोकांना सांगायला छान वाटतं. शिकवणारीला विचारा. कंस विसरला की तुम्ही कॉम्प्युटरला बोलायचा. एकेक शब्दाचा अर्थ विचारायचा आणि मी उडवाउडवी केली की दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा. पण तुमच्या टेस्ट बघण्यासारख्या असायच्या. आमच्या टेस्टची नावं रुक्ष असतात. तुमची पहिली टेस्ट होती 'एकतीस तारखेचं बाळ'. मग 'जुळ्यातलं दुसरं बाळ', 'आठव्या महिन्यात झालेलं बाळ', 'आई माहेरी गेलेली आहे असं बाळ'. प्रत्येकीमागं तुम्ही पाहिलेलं एक खरं बाळ होतं.

'डेप्रिकेशन वॉर्निंग' हा शब्द मात्र तुमच्या जिभेवर शेवटपर्यंत बसला नाही. आपण दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे वापरतो. त्यातलं एखादं फंक्शन पुढच्या आवृत्तीत काढून टाकणार किंवा बदलणार असतील तर ते आधी सूचना देतात, की आज हे चालतंय, उद्या चालणार नाही, आत्ताच दुरुस्त करून घ्या. टेस्ट चालवल्या की खाली पिवळ्या अक्षरांत ही यादी येते. टेस्ट पास झालेल्याच असतात. म्हणून जगातले बहुतेक प्रोग्रामर ती यादी वाचत नाहीत, मीही वाचत नव्हते. तुम्ही तिला 'जाणारी' म्हणायचा. "अर्चना, आज तीन नव्या जाणाऱ्या आल्यात."

त्या तीनाच्या तीनशे झाल्या. टेस्टचा निकाल बघायला पडदाभर पिवळं सरकवावं लागायचं. मी एके दिवशी वैतागून सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ टाकली, की सगळ्या वॉर्निंग दाखवणं बंद. एकच ओळ. निकाल कसा स्वच्छ हिरवा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या.

"काल इथं तीनशे व्हत्या. आज एक न्हाय. एका दिवसात दुरुस्त केल्यास?"

"नाही ताई, दाखवणं बंद केलं. त्या चुका नाहीत. टेस्ट पास होतायत, सगळं हिरवं आहे."

"हिरवं हाय. पन ती वरडत व्हती, तू तिचं तोंड दाबलंस."

"शुक्रवारी नव्या आवृत्तीचं रिलीज आहे. पुढच्या महिन्यात बघू."

"त्यातली एक तारखेची हाय. म्या वाचलीय. तारीख कशी वाचायची ते बदलणार म्हणतेत."

"वॉर्निंग आहे ती. एरर नाही."

"वॉर्निंग म्हंजे एररच. आज न्हाय तर उद्या."

मग तुम्ही दवाखान्यातल्या फ्रिजची गोष्ट सुरू केलीत. लसीच्या फ्रिजचा भोंगा सारखा वाजतोय म्हणून कुणीतरी त्याची वायर काढली, ती गोष्ट. मी ती तोवर चार वेळा ऐकली होती. मी म्हणाले, "ताई, प्रत्येक गोष्ट दवाखाना नसते." तुम्ही आपल्या टेबलाशी जाऊन बसलात. तीन दिवस आपण डबा वेगवेगळा खाल्ला. तुमची शेंगदाण्याची चटणी माझ्या टेबलावर आली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं होतं. वॉर्निंगचं नाही.

पुढचा महिना आला आणि मी काही बघितलं नाही. दवाखान्यांकडून तारखा येतात त्या दिवस आधी, महिना नंतर अशा; नऊ-चार म्हणजे नऊ एप्रिल. जुनी लायब्ररी तसंच वाचायची. सूचना हीच होती, की क्रम स्पष्ट सांगा, नाहीतर पुढच्या आवृत्तीपासून आम्ही महिना आधी धरू. मार्चच्या शेवटी सर्व्हर बदलला, त्याच्याबरोबर मी लायब्ररीही नवी घातली. टेस्ट चालवल्या. हिरव्या. आणि का हिरव्या? कारण आलेली तारीख वाचायच्या टेस्ट माझ्या होत्या, आणि मी सगळीकडं वीस, पंचवीस, अठ्ठावीस अशा तारखा टाकल्या होत्या. पंचविसावा महिना नसतो म्हटल्यावर लायब्ररी आपोआप बरोबर वाचत होती. बारापर्यंतची एकही तारीख मी टेस्टमध्ये घातली नव्हती.

सात एप्रिलला तुमच्या जुन्या दवाखान्यातल्या सिस्टरचा तुम्हाला फोन आला. एका बाळाच्या कार्डावर नऊ एप्रिल लिहिलंय आणि मेसेजमध्ये चार सप्टेंबर आलंय. खरं काय धरायचं?

तुम्ही फोन ठेवलात आणि माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तुम्ही फक्त म्हणालात, "यादी काढ. बारा तारखेपर्यंतची सगळी."

सव्वाशे घरं निघाली. दोन दिवस आपण दोघी फोन करत बसलो. मी कॉम्प्युटरवरून नाव वाचायची, तुम्ही बोलायचा. लोकांना घाबरवायचं नाही, पण तारीख दोनदा म्हणून घ्यायची, हे तुमचं तंत्र. "म्हणा बरं बाई, कधी यायचं?" प्रत्येकीकडून वदवून घेतलंत. शेवटी एक घर उरलं. फोन बंद. येडशीच्या पुढं एका वस्तीवर.

माझ्या स्कूटीवरून गेलो. एप्रिलचं ऊन, डोक्याला ओढण्या बांधलेल्या, आणि वाटेत तुम्ही मागून मला गतिरोधक सांगत होतात. मला दिसत होते ते. तरी सांगत होतात. वस्तीवर ती पोरगी कडब्याच्या सावलीत बाळाला घेऊन बसली होती. वीस-एकवीस वर्षांची असेल. तुम्ही कार्ड मागितलंत, तिनं पत्र्याच्या पेटीतून आणलं.

"लस चुकायला नको बाई. उद्या चार वाजायच्या आत ये दवाखान्यात."

"पन मेसेजमधी सप्टेंबर म्हणलंय," ती म्हणाली. "म्हून आमी निवांत व्हतो. मोबाईलात आलंय म्हणल्यावर खरंच असंल की."

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. ती तक्रार करत नव्हती. कार्ड हातानं लिहिलेलं होतं आणि मेसेज कॉम्प्युटरचा, म्हणून तिनं मेसेज खरा मानला होता. माझा मेसेज.

"मेसेज चुकला," तुम्ही म्हणालात. "कार्ड खरं."

"कुणी चुकवला?"

"आमी."

ती दुसऱ्या दिवशी आली. सिस्टरनं फोन करून कळवलं तेव्हा तुम्ही खुर्चीत मागं टेकलात आणि चहा मागवलात, बाकी काही नाही. एकही बाळ चुकलं नाही. पण ते तुमच्या रजिस्टरमुळं, तुमच्या ओळखीमुळं, तुमच्या फोनमुळं. माझ्या टेस्ट शेवटपर्यंत हिरव्याच होत्या.

जाधव सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मी तोंड उघडायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "आमच्या दोघींचं चुकलं सर." मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. त्या क्षणी मला बोलायला हवं होतं, की ताईंनी मला अडवलं होतं, ओळ माझी एकटीची होती. मी गप्प बसले. बाहेर आल्यावरही गप्प बसले. तुम्ही एकदाही 'म्या म्हणलं नव्हतं का' असं म्हणाला नाहीत, आणि तेच मला सोसेना. तुम्ही ओरडला असतात तर मी उलट ओरडले असते, मग रडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही ती सोयच ठेवली नाहीत.

त्याऐवजी तुम्ही नियम आणलात. यापुढं एकही वॉर्निंग आली की टेस्ट नापास. रिलीज बंद. ज्या खरोखर लगेच दुरुस्त करता येत नाहीत त्यांची वेगळी यादी; त्यात कुठली वॉर्निंग, कुणाच्या नावावर, का थांबवली आणि कधीपर्यंत. तारीख उलटली की टेस्ट पुन्हा लाल. 'का' या रकान्यात मराठीतच लिहायचं, तेही वस्तीवरच्या त्या पोरीला कळेल असं. मी म्हणाले, ती कशाला आमची फाईल वाचायला येतेय? तुम्ही म्हणालात, "ती न्हाय येत. पन तिला सांगता यील असं कारन नसंल तर ते कारनच न्हाय."

त्या तीनशे वॉर्निंग साफ करायला आपल्याला दीड महिना लागला. मी रोज कुरकुरले. खरं सांगते, त्या दीड महिन्यात मला जेवढं शिकायला मिळालं तेवढं पुण्यात मिळालं नव्हतं; हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही. पण म्हणून तुमचा नियम पूर्ण बरोबर होता असं नाही, ताई. हे भांडण मी अजून सोडलेलं नाही. आपल्या कोडमधली वॉर्निंग आपण दुरुस्त करावी, मान्य. पण आपण वापरतो ती लायब्ररी, ती वापरते ती दुसरी लायब्ररी, तिच्या पोटातल्या वॉर्निंगसाठी आपला रिलीज का अडावा? आपल्या हातात काय आहे त्यात?

शेवटच्या शुक्रवारी हेच चाललं होतं.

"मग त्येंना लिवा," तुम्ही म्हणालात.

"ते कुठं असतात, कोण असतात, माहीत नाही. आपलं कोण ऐकणार?"

"लिवल्याबिगर कसं कळंल?"

"ताई, मला वेळ नाही. मी यादीत सवलत टाकते."

"कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"का?"

"कारण मला कंटाळा आलाय."

"तसं लिव मग. कंटाळा आला. कधीपर्यंत?"

मी टाईप करत राहिले. तुम्ही पिशवी उचललीत, वाशीची एसटी गाठायची होती. दारातून म्हणालात, "सोमवारी बोलू." मी म्हणाले, "सोमवारी काही बोलायचं नाहीये." पडद्यावरून नजर न उचलता म्हणाले. रविवारी सकाळी मिलिंददादांचा सरांना फोन आला. तुम्ही पाणी भरताना चक्कर येऊन पडलात, मेंदूत रक्तस्राव झाला, धाराशिवपर्यंत गाडी पोचलीच नाही.

वाशीत त्या दिवशी एक बाई म्हणत होती, दुखणं अंगावर काढलं असंल, लक्ष दिलं नसंल. मी तिच्या अंगावरच गेले. बीपीची गोळी तुम्ही घड्याळ लावून घ्यायचा. दर सोमवारी मोजून वहीत लिहायचा. जेवणात मीठ कमी, रोज चालणं, दर सहा महिन्यांनी सगळ्या तपासण्या. एकही सूचना तुम्ही कधी टाळली नाहीत. तरी गेलात. याचा मला इतका संताप येतो की मी तो कुणाला सांगू शकत नाही. एवढं सगळं पाळणाऱ्या बाईनं जायचं, आणि पिवळी ओळ दाबणारी मी इथं बसून सवलती लिहायच्या.

तुम्ही गेल्यापासून टेस्ट लाल होत्या. त्याच वॉर्निंगमुळं. सर म्हणाले, आता तूच ठरव. कुणी अडवणारं नव्हतं. तुमचा सगळा नियम एका ओळीत काढून टाकता आला असता. मी नियम ठेवला, आणि काल त्या वॉर्निंगला यादीत सवलत दिली. म्हणजे भांडण मी जिंकले. इतकं फुसकं जिंकणं आयुष्यात कधी झालं नव्हतं. 'का' या रकान्यासमोर पाऊण तास बसले. शेवटी लिहिलं, 'ही चूक आपल्या कोडमध्ये नाही. ज्यांची आहे त्यांना पत्र लिहिलं आहे. तीन महिने वाट बघू.' आणि असं लिहिलं म्हटल्यावर खरंच पत्र लिहावं लागलं. लिहिलं. उत्तर येईलच असं अजूनही मला वाटत नाही.

मग उठून सरांच्या केबिनमध्ये गेले. दोन वर्षं उशिरा.

"सर, वॉर्निंग बंद करायची ती ओळ माझी होती. ताईंचा त्यात काही संबंध नव्हता. त्यांनी मला अडवलं होतं."

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "माहिती आहे. फाईलच्या इतिहासात त्या ओळीवर तुझं नाव आहे. खाली तू शेराही लिहिलायस, 'तात्पुरतं बंद'."

"कधी बघितलंत?"

"तुम्हाला बोलावलं त्याच्या आधी. ताई बोलायला लागल्या तेव्हा तेच पान माझ्यापुढं उघडं होतं. त्या ह्याच खुर्चीत होत्या. पडदा त्यांना दिसत होता. पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, आमच्या दोघींचं चुकलं."

"मग तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"त्या बघतच राहिल्या होत्या ना माझ्याकडं," सर म्हणाले. "काय बोलणार?"

ताई, कुठली ओळ कुणी लिहिली हे कसं बघायचं ते मीच तुम्हाला शिकवलं होतं. माझं नाव समोर दिसत असताना, सरांना ते माहीत आहे हे कळत असताना, तुम्ही ते खोटं बोललात. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात सगळा जन्म गेलेल्या बाईनं इतकं सहज पकडलं जाणारं खोटं बोलावं? आणि नंतर दोन वर्षं रोज माझ्यासमोर डबा उघडून बसलात, वॉर्निंगवरून भांडलात, नियमावरून भांडलात, पण या एका गोष्टीवर मला एकदाही टोकलं नाहीत. मी आपणहून बोलेन म्हणून वाट बघत होतात, का विसरून गेला होतात, हे आता मला कोण सांगणार?

चूक माझी होती, ताई. माझ्या एकटीची. तुम्ही अडवलं होतंत.